दारात कोण होतं, याबाबतचा अहवाल

वाचनामुळे साहित्याची वाढ खुंटते, हे आता अनुभवाने सिद्ध झाले आहे. एक कादंबरी वाचायला जितका वेळ लागतो, तितक्यात जाणकार माणूस चाळीस कादंबऱ्यांवर अभिप्राय लिहू शकतो. आमचे स्वप्रकाशित कादंबरीकार मंडळ याच तत्त्वावर उभे आहे. मी त्याचा चिटणीस.

मंडळाचे बेचाळीस सभासद होते. प्रत्येकाने आपली कादंबरी स्वतःच छापलेली. (एकदा नकार देणाऱ्या प्रकाशकाला आम्ही दुसऱ्यांदा ती संधी देत नाही.) नियम एकच: तू माझ्यावर लिही, मी तुझ्यावर लिहितो. त्यामुळे प्रत्येक पुस्तकाला एक्केचाळीस अभिप्राय आणि प्रत्येक अभिप्रायाला पाच तारे. एका सभासदाने मागे चार तारे दिले होते. चौकशीत त्यांचे बोट घसरल्याचे निष्पन्न झाले. अभिप्रायांची भाषाही ठरलेली आहे. शेवटी कोणी मरत असेल तर ‘अस्वस्थ करणारी’, कोणीच मरत नसेल तर ‘अंतर्मुख करणारी’, आणि दोन्हींपैकी काय ते ठाऊक नसेल तर ‘एका बैठकीत वाचून संपवली’. (बैठक म्हणजे मंडळाची मासिक बैठक.)

आमच्यात भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. नवरा घर सोडून गेलेल्या एका बाईवर त्यांनी नऊ वर्षे खपून कादंबरी लिहिली होती. सगळे एक्केचाळीस अभिप्राय त्यांनी सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतले होते. आयुष्यभर मुलांकडे सिद्धता मागणाऱ्या बाईंनी ‘कादंबरी उत्तम आहे’ एवढे एक विधान मात्र सिद्धतेविना मान्य केले होते.

अशातच मंडळाच्या इमारतीची लिफ्ट बिघडली. दुरुस्तीला एक गृहस्थ आले. सुटा भाग येईपर्यंत वेळ होता, म्हणून त्यांनी आमच्या टेबलावरची बाईंची कादंबरी विचारून नेली. पुढच्या बैठकीला ते हातात पुस्तक घेऊन दारात उभे.

“हे कुणी लिहिलंय?”

“मी,” बाई म्हणाल्या.

“शहाण्णवाव्या पानाच्या शेवटी ती दार उघडते. पुढच्या पानावर ‘धुण्यापूर्वी कपड्यांचे खिसे तपासावेत’ असं आहे. पुढं सोळा पानं तेच चाललंय. दारात कोण होतं?”

सर्वांनी आपापल्या प्रती काढल्या. (सव्वीस प्रतींचे प्लॅस्टिक त्यासाठी प्रथमच फाडावे लागले.) छापखान्यात बांधणीच्या वेळी कादंबरीच्या सोळा पानांऐवजी धुलाई यंत्राची माहितीपुस्तिका शिवली गेली होती. एकूण एक प्रतीत. बाईंनीही छापील प्रत उघडली नव्हती. नऊ वर्षे वाचून झाल्यावर त्यांना ती नुसती हातात धरायची होती.

बाईंनी वही उघडली. “‘मध्यावरची कलाटणी काळजाचा ठाव घेते’ हे कोणाचं?”

“माझं,” उपाध्यक्ष म्हणाले. “तिथं एक जोर आहे खरा.”

“खिसे तपासण्यात?”

उपाध्यक्षांनी पाणी मागवले. बाईंनी वही मिटली आणि लिफ्टवाल्यांकडे वळून म्हणाल्या, “कोण होतं ते सांगणार नाही. उद्या पानं आणते.”

मंडळ डगमगले नाही. त्याच संध्याकाळी अडतीस अभिप्राय सुधारण्यात आले. ‘स्त्रीच्या घुसमटीचे यंत्राच्या भाषेतून घडवलेले धाडसी दर्शन’ हे वाक्य बहुमताने ठरले. उरलेले तिघे बैठकीला नव्हते, त्यामुळे त्यांना झाला प्रकार कळला नव्हता. त्यांनी मंडळाने याबाबत काढलेले परिपत्रकही वाचलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाले जिन्यात बसून हस्तलिखित वाचत होते. बाजूला हत्यारांची पेटी. बाई दोन पायऱ्या वर, कठडा धरून, चाळीस मिनिटे उभ्या होत्या. परीक्षेच्या हॉलवर देखरेख करण्यात त्यांनी जन्म काढला, पण पेपर आपला असल्यावर काय होते ते त्यांना त्या दिवशी कळले.

“नवरा परत आला, ते ठीक,” लिफ्टवाले म्हणाले. “पण ती त्याला आधी पाणी विचारते, ते पटत नाही. अकरा वर्षांनी दारात आलेल्या माणसाकडं माझी बायको आधी घराची किल्ली मागेल.”

बाईंनी लिफ्टवाल्यांच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि तिथेच पायरीवर बसून ती ओळ खोडली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, असे दोन सभासदांनी पाहिले. (लिफ्ट बंद असल्याने ते जिन्याने येत होते.)

त्याच आठवड्यात बाईंचा राजीनामा आला. ‘मला एक वाचक मिळाला आहे, सबब अभिप्रायांची गरज उरली नाही.’ मंडळाने ठराव केला की लिफ्टवाल्यांचे मत नोंदवून घेऊ नये. त्यांनी पुस्तक वाचलेले असल्याने ते पूर्वग्रहदूषित आहे. ठराव एकमताने मंजूर झाला. त्यानंतरच्या महिन्यात इमारतीची लिफ्ट एकोणीस वेळा बिघडली. प्रत्येक वेळी एखादा सभासद आपली कादंबरी घेऊन योगायोगाने तिथे उभा असे. (कोषाध्यक्षांच्या खिशात पेचकस सापडला, तो त्यांनी चष्म्यासाठी बाळगल्याचे सांगितले.) शेवटी लिफ्टवाल्यांनी हे काम सोडले. जाताना म्हणाले, “सध्या बाईंचं दुसरं पुस्तक लिहून होईल तसं वाचतोय. माझा वेग कमी आहे.”

तेव्हा मंडळाने ‘वाचक’ या पदाची जाहिरात दिली. पात्रता: अक्षरओळख. अट: उमेदवाराने स्वतः काही लिहिलेले नसावे. तीनशे बारा अर्ज आले. प्रत्येकासोबत एक हस्तलिखित होते.

आपण हा अहवाल इथवर वाचलात, म्हणून आम्हाला क्षणभर आशा वाटली होती. पण याहून बरे आपणच लिहिले असते, हा विचार तिसऱ्या परिच्छेदापासून आपल्या मनात घोळतो आहे, हे आम्ही ओळखून आहोत. सभासदत्वाचा फॉर्म सोबत जोडला आहे. आपल्या कादंबरीवरचे एक्केचाळीस अभिप्राय लिहून तयार आहेत. फक्त तिचे नाव कळवावे.