चार नंबरचं पाणी

"जोतीराम, पळ! जावयाचा फोन हाय, तिकडं त्येचं बिल पडाय लागलंय!"

आकारामच्या एसटीडी बूथवरून हाक आली तेव्हा जोतीरामची अर्धीच दाढी झाली होती. गालाला साबण तसाच ठेवून तो धावला. रविवारी आष्ट्यातल्या बूथवर फोन करणाऱ्यांपेक्षा ऐकणारेच जास्त असतात. त्यांनी अदबीने वाट करून दिली आणि कान टवकारले.

"मामा, दिवाळी झाली की तुमी आन् मामी हिकडं या," मानसिंग तिकडून ओरडला. मानसिंग म्हणजे जोतीरामचा जावई, कुंडल गावचा, लष्करात नाईक. जोतीरामच्या मुलीला, मंगलला, घेऊन तो डेहराडूनला राहत होता. "मामींचं गंगास्नान हुईल. आन् तुमच्यासाठी राफ्टिंग बुक करतो."

"त्ये काय असतंय?"

"रबरी होडी असती. डोंगरातनं फेसाळत येनाऱ्या पान्यातनं, दगडाधोंड्यातनं खाली न्हेत्यात. तुमाला पान्याची लय हौस, म्हनलं मामा खूश हुतील."

जोतीरामने गालावरचा साबण बाहीने पुसला. ही हौस त्याची त्यानेच ओढवून घेतली होती. लग्नाच्या बैठकीत मुलाकडची मंडळी मुलाच्या पोहण्याचं कौतुक करायला लागली, तेव्हा मुलीच्या बापाने मागे कसं राहायचं? पुरात गूळ शिजवायच्या लोखंडी काहिलीत बसून माणसं कृष्णा ओलांडायची, हे खरं. पण "आमी काहिलीच्या म्होरं पोहत जायचो," हे मात्र जोतीरामच्या पदरचं. प्रत्यक्षात तो गुडघ्याच्या वर पाण्यात शिरत नसे. लहानपणी पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधून त्याला विहिरीत सोडलं होतं. डबा सुटला आणि दोर टाकून जोतीरामला वर काढावं लागलं. ते पाहणारे सगळे आता वारले, अशी त्याची समजूत होती.

"पान्याचं नंबर असत्यात मामा, एक ते पाच. कुटला घिऊ? आजच सांगाय पायजे."

नंबर म्हटल्यावर मात्र जोतीरामच्या जिवात जीव आला. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात गुळाची प्रत ठरवण्यात त्याचा जन्म गेला होता. एक नंबर म्हणजे पिवळाधमक, कणीदार, खणखणीत. चार नंबर म्हणजे काळपट, लिबलिबीत, जनावरांच्या वाट्याला जाणारा. जगात जिथे जिथे म्हणून नंबर लावतात तिथे ते याच रीतीने लावत असणार, याविषयी त्याला कधी शंका आली नव्हती. एक नंबरचं पाणी म्हणजे जबर. चार नंबरचं म्हणजे गोठ्यातल्या हौदासारखं निवांत.

"चार," तो म्हणाला.

मानसिंगने पुन्हा विचारलं. "मामा, चार? आमच्या युनिटातली पोरं बी तीनलाच..."

"पोरांचं सोडा, मानसिंगराव. आपल्याला चारच पायजे. पाच गावत असंल तर पाच घ्या."

"पाचला नवख्याला सोडत न्हाईत वो!"

पाच नंबरचा गूळ कुठे कोण सौद्यात मांडतो, तसलंच काहीतरी असेल, असा जोतीरामने अर्थ लावला. अब्रूही राहिली आणि जीवही राहिला. राहिलेली अर्धी दाढी त्याने शीळ घालत केली.

त्याच आठवड्यात तालमीच्या पोरांनी त्याचा सत्कार ठेवला. गंगास्नानाला निघालेल्या माणसाला नारळ देतात, तसं असेल म्हणून जोतीराम नवी टोपी घालून गेला. खांद्यावर शाल पडली. मग कृष्णात सुभेदार बोलायला उभे राहिले. ते फौजेतून निवृत्त झाले होते आणि गावात हिमालयाबद्दल कोणाला काही विचारायचं असलं तर त्यांनाच विचारत.

"एक नंबर म्हंजे पाटातलं पानी," सुभेदार म्हणाले. "दोनला कापडं भिजत्यात. तीनला देव आठवतो. आन् चार म्हंजे खवाळलेलं पानी, होडी पार उलटी हुती! ह्या गड्यानं चार नंबर घेतलाय. न्हाई, पाच बी मागिटला हुता!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. जोतीरामच्या हातातला नारळ सुटून सुभेदारांच्या पायावर पडला. तो उचलायला वाकला, तर लोकांना वाटलं, पाया पडतोय. गुळाचं गणित पाण्याला उलटं लागतं, हे त्याला आत्ता कळलं होतं. 

दुसऱ्या दिवशी त्याने मालकाकडे रजा मागितली. भर हंगामात ती मिळणार नाही, एवढीच आशा होती. मालकाने रजा दिली, वर मिरज स्टेशनपर्यंत आपली जीप दिली. निघायच्या दिवशी त्याने पोट धरलं, तर बायकोने, हरणाबाईने, मूठभर ओवा त्याच्या तोंडात कोंबला. गाडी लोणंदला थांबली तेव्हा तो चहाच्या निमित्ताने उतरायला निघाला. चुकलीच गाडी तर चुकली. पण हरणाबाईने सदऱ्याचं टोक धरून ठेवलं होतं.

"च्या हितंच इतो," ती म्हणाली. "बसा."

ऋषिकेशच्या वरच्या अंगाला काठावर होडी फुगवून ठेवली होती. पाणी खडकांवर आपटून असं गरजत होतं की शेजारच्याचं बोलणंही नीट ऐकू येईना. मानसिंगच्या युनिटातले जवान येऊन कडक सलाम ठोकून गेले. मंगल तर बापावरची नजर हटवत नव्हती. जोतीरामला ते सोसेना. त्याने जावयाला बाजूला घेतलं.

"मानसिंगराव, मी लबाड बोललो. मला पोहाय येत न्हाई. कवाच येत नव्हतं."

मानसिंग हसला. "त्ये ठावं हाय की, मामा."

"कुनाला?"

"सगळ्यास्नी. मंगलनं लगीन ठरताना सांगितलं हुतं. अख्ख्या आष्ट्याला ठावं हाय, तुमाला हिरीतनं दोरानं काढल्यालं."

"मग त्यो सत्कार कशाचा केला?"

"आवं, पोहनारा गडी पान्यात शिरला तर त्यात कसलं कौतुक? पोहाय येत नसताना चार नंबर मागनारा मानूस कुटं बघितलाय? आमचं सायब सुदीक बघाय आल्यात!"

म्हणजे लबाडी सगळ्यांनी कधीच पोटात घातली होती. आता राहिली होती ती एकच गोष्ट, आणि ती एका वाक्यात सांगता आली असती. जोतीरामने तोंड उघडलं. समोर मंगल उभी होती, डोळे भरून. त्याने तोंड मिटलं. लबाड ठरण्याची लाज त्याने गिळली होती. मूर्ख ठरण्याची त्याला गिळवेना.

"तैरना किसको नहीं आता?" होडीवाल्याने विचारलं.

एकच हात वर गेला. जवानांनी टाळ्या वाजवल्या, साहेब "शाबास!" म्हणाले. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोलूनही जोतीरामला मान वर करता येईना.

हरणाबाई त्याच्या जाकिटाचे पट्टे बांधायला पुढे आली. शेवटचा पट्टा आवळताना ती त्याच्या कानाशी वाकली.

"आवं, गुळाचा नंबर धरलासा न्हवं?"

जोतीराम कानापर्यंत लाल झाला. "तुला कवा कळलं?"

"सुभेदार बोललं तवा. त्या दिशी फोनवरनं शीळ घालत आलासा. एवढं खुशीत कुनी मराय जातं व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"जलमात पैल्यांदा लोकांनी तुमच्या अंगावर शाल टाकली," ती पट्टा चाचपत म्हणाली. "कशी बोलू? जावा आता. म्या न्हाई सांगायची कुनाला."

यानंतर बायकोसमोर काठावर थांबणं जोतीरामला शक्यच नव्हतं. तो होडीकडे इतक्या घाईने निघाला, की मागून पुन्हा टाळ्या पडल्या.