सात खून, सात फॉर्म

आमचे शेजारी कदमनाना गोष्टीतल्या खुनाचाही अपघात-अहवाल भरतात. तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्त झाले, पण जित्याची खोड. कुणी जिन्यावरून घसरला तर लोक हात देतात, नाना विचारतात, "पायात काय होतं?" बायकोने कुकर लावला की हे दहा फूट लांब उभे. एवढा सुरक्षित माणूस अख्ख्या बोईसरात दुसरा नाही, आणि एवढा कंटाळवाणाही.

अशा माणसाला मी माझी कथा वाचायला दिली. दिवाळी अंकासाठी लिहिलेली, चंगळवादावर जळजळीत उपहास वगैरे. सोसायटीत सगळ्यांत मोठा टीव्ही आपलाच हवा म्हणून नायक सात शेजाऱ्यांचे मुडदे पाडतो. रक्त तर मी बादलीने ओतलं होतं. आमच्या हिने दुसऱ्याच पानावर "शी" म्हणून कागद बाजूला ठेवले, तेव्हा मला वाटलं, जमली. आता नाना हादरले की थेट संपादकाकडे.

चौथ्या दिवशी नाना आले. सात खून, सात फॉर्म.

"टीव्ही पंच्याऐंशी इंची. सुरी जर्मन, सोफा इटालियन. समदं बैजवार लिवलंस. ह्यो पहिला मेला, त्याचं नाव काय?"

"मुद्दाम नाही दिलं, नाना. तो प्रतीक आहे."

"बरं. प्रतीकाच्या घरी कोण कोण असतं?"

मी त्यांना उपहास समजावू लागलो. नायकाला माणसं दिसतच नाहीत, फक्त वस्तू दिसतात, तीच तर मेख आहे. नाना मान डोलावत ऐकत होते.

"त्याला दिसत न्हाईत, ठीक. तुला दिसली का?"

माझं टाळकं सटकलं. "तुमच्या अहवालांत असायची का हो नावं?"

नाना चष्मा पुसत बसले.

"नव्हती. रिअॅक्टर फुटला तवा पंप, मोटार, व्हॉल्व्ह, समदं नंबरासकट लिवलं मी. माणसाच्या रकान्यात 'कंत्राटी कामगार, एक'. त्याचा भाऊ आला गावाकडनं. म्हणाला, 'साहब, इसमें उसका नाम तो लिख दो.' म्हणलं, फॉर्म वर गेलाय, आता बदलत न्हाई."

मला स्वतःचीच लाज वाटली. हळूच विचारलं, "काय नाव होतं त्याचं?"

"भावानं दोनदा सांगितलं हुतं," नाना म्हणाले. "रोज आठवून बघतो. येत न्हाई."