फुफाजींची जर्मन पोस्ट

मुलाकडची मंडळी दारात येऊन ठेपली होती आणि वैदेहीचा एक शब्द अजून अडलेलाच होता.

जर्मनीतली एक कंपनी गमतीदार कामधंद्यांच्या नावांचं कॅलेंडर काढत होती. वैदेही बालाघाटात बसून त्या नावांचं इंग्रजी करत होती. सगळी झाली, एक उरलं : फ्र्युश्टुक्सडिरेक्टर. ते जमलं की नोकरी पक्की. वडिलांचं, म्हणजे शरदचंद्रांचं, म्हणणं स्पष्ट होतं.

“मंडळी उठेपर्यंत नोकरी पक्की झाली तं ठीक. नाही तं गोंदियावाल्यायले मी हौ म्हणून देतो.”

पाठवलं : ब्रेकफास्ट डायरेक्टर.
आलं : एवढं आम्हालाही जमलं असतं. नेमका अर्थ लिहा.

पोहे. तर्री. सोफ्यावर मुलगा पियुष, मलाजखंडच्या खाणीत इंजिनिअर. शेजारी त्याचे वडील, गोंदियाचे माणिकराव. आणि मधल्या खुर्चीत हिरालाल फुफाजी, पियुषच्या आत्याचे यजमान.

मुलगी पाहायला जाताना फुफाजींना नेण्याची त्या घरात रीत होती. फुफाजी पोहे खात, मान डोलवत आणि माणिकरावांनी कानात सांगितलेला निर्णय मोठ्याने जाहीर करत. तो निर्णय मग कोणी बदलत नसे.

“बेटा, तू काय काम करते?” माणिकरावांनी विचारलं.

“जर्मन शब्दायचं इंग्लिश करते, काका.”

“एखादा सांगा ना,” पियुष म्हणाला.

वैदेहीच्या डोक्यात तेव्हा एकच होता.

“एक साहेब असते. मोठी खुर्ची, मोठा मान. काम काहीच नाही. यायचं, नाश्ता करायचा, मुंडी हलवायची, निघून जायचं. कंपनी त्याले फक्त शोभेसाठी ठेवते.”

कोणीही न सांगता सगळ्यांच्या नजरा मधल्या खुर्चीकडे वळल्या. फुफाजींनी चमचा खाली ठेवला.

(फुफाजी रुसले की सोयरीक मोडते. हे शरदचंद्रांना माहीत होतं.)

“लई मोठी पोस्ट आहे जी तिकडे!” ते घाईघाईने म्हणाले.

“रिटायरमेंट?” फुफाजींनी विचारलं.

“होतच नाही.”

“अन् घरचे लोक येऊन टोकत असतीन?”

“केबिनमधी कोणाले घुसूच देत नाही, फुफाजी!”

फुफाजींनी चमचा उचलला. “जागा खाली आहे?”

“हौ तं! आमची वैदेहीच लावून देईन तुमाले.”

शरदचंद्रांनी कपाळ पुसलं. वैदेहीने तर्रीचं भांडं शांतपणे टेबलावर ठेवलं.

“लावून दिलं असतं, फुफाजी. पण मीच अजून पक्की नाही. कच्च्या माणसाची शिफारस कोण ऐकते?”

“अन् लग्न झाल्यावर?”

“मग मलाजखंडले जावं लागन. नवीन घर, नवीन संसार. जर्मनी राहते का मग?”

माणिकराव नेहमीप्रमाणे फुफाजींच्या कानाशी लागले. “हौ म्हणा,” हे सगळ्यांना ऐकू आलं. फुफाजींनी कान बाजूला घेतला.

“लग्न सालभर थांबवा,” त्यांनी जाहीर केलं. “पहिले पोरीची नौकरी पक्की होऊ द्या.”

“काय बोलून राह्यले जी?” माणिकराव अर्धे उठले. “आपलं तं घरूनच ठरलंतं!”

“तुमचं ठरलंतं. मले कोणी विचारलंतं?”

पियुषने सुटकेचा निःश्वास टाकला. त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

निर्णय फुफाजींनी जाहीर केला होता, म्हणून तो कायम झाला. माणिकरावांनी नमस्कार केला. शरदचंद्र त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले.

वैदेहीने लॅपटॉप उघडला. पोहे खाणाऱ्या फुफाजींना पाहून सुचलेलं वाक्य तिने लिहिलं : ज्याची हजेरी लागते पण मत लागत नाही, असा माणूस.

तिने ते खोडलं.

पाठवलं : दोन दिवस वाढवून द्या. ज्यांच्यावरून अर्थ लिहिणार होते, ते गृहस्थ आज अचानक कामाला लागले.