समान व्यायामाचा आदेश

टपाल विभागातल्या बाई उजवीकडे कललेल्या होत्या, हे कार्यालयाला अठरा वर्षं ठाऊक होतं; पण तसा कागद नसल्यामुळे त्यावर कार्यवाही झाली नव्हती. पाठ फारच बोलू लागली तेव्हा बाईंनी स्वतःच एक्स-रे काढून आणला. कण्याला बाक : चोवीस अंश.

"ताई, रोज दुपारी वीस मिनिटं डावीकडचा व्यायाम," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "चुकवलात तर पट्टा बांधावा लागेल. आणि हा व्यायाम तुमच्या मापाचा आहे हं, दुसऱ्या कुणाला शिकवू नका."

बाईंनी रीतसर अर्ज केला. साहेब तो वाचून गंभीर झाले.

"तुम्हाला एकटीला सवलत दिली तर बाकीचे माझा जीव खातील."

"पण साहेब, त्यांच्या पाठी सरळ आहेत."

"म्हणजे सरळ राहून त्यांनी गुन्हा केला?"

तिसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं : सर्व चाळीस कर्मचाऱ्यांनी रोज वीस मिनिटं डावीकडे व्यायाम करावा.

"अहो, तुम्ही निदान उजवीकडेही करा," बाईंनी विनवलं.

"परिपत्रकात उजवी बाजू नाही," आस्थापनेतले भाऊसाहेब डावीकडे झुकूनच म्हणाले.

आठ महिन्यांत बाई सरळ झाल्या. उरलेले एकोणचाळीस डावीकडे कलले. मानेला त्रास नको म्हणून शिपाईकाकांनी भिंतीवरचं घड्याळही तिरपं केलं.

मग बाईंच्या हातात मेमो पडला : 'आपण इतरांच्या तुलनेत उजवीकडे कललेल्या आढळता. खुलासा करावा.'

बाईंनी नवा एक्स-रे जोडला. साहेबांनी तो आपल्या पद्धतीने धरून पाहिला. "वाकडाच आहे की हो!"

"साहेब, एकदा ओळंबा तरी लावून बघा."

"एकोणचाळीस माणसं चुकतील आणि एक दोरी बरोबर?"

उपचाराचा गुण न आल्याच्या कारणावरून बाईंची वीस मिनिटं रद्द झाली. बाकीच्यांची चालू राहिली.

वार्षिक अहवालासाठी सगळ्यांचा फोटो निघाला. फोटोग्राफरने कॅमेरा जरासा कलवून एकोणचाळीस जणांना सरळ करून दिलं. तो फोटो आता दाराशीच लावलाय. मागच्या खेपेला रांगेत उभं असताना तुम्हीच नाही का शेजारच्याला कोपर मारून म्हणालात, "त्या कडेच्या बाई बघा. पाठीचं काहीतरी करून घ्यायला नको का त्यांनी?"

तेव्हा तुमची मान कुठल्या बाजूला होती, ते शिपाईकाकांनी पाहून ठेवलंय.