मोकळा फुटपाथ

दुपारची झोप मोडते म्हणून काकांनी खिडकीखालच्या भाजीवालीविरुद्ध तक्रार केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तक्रारीची कोणीतरी दखल घेतली. भाजीवालीला उठवलं. तिच्या जागी आता स्कूटरी उभ्या राहू लागल्या, पण स्कूटरी निदान बोलत नाहीत.

बोलायच्या थांबल्या त्या काकू. एका कोथिंबिरीच्या जुडीवरून त्या खाली तासभर रमायच्या. सुना, गुडघे, जावई, सगळं निघायचं. त्यांचं हसणं पार वरपर्यंत यायचं. आता घरात दोनच वाक्यं उरली होती, "वाढू का?" आणि "दिवा घालवू का?" काका दुपारी डोळे मिटून त्या हसण्याची वाट बघत पडायचे. झोपेचं तर नावच नको.

शेवटी न राहवून ते भाजीवालीला शोधत निघाले. बऱ्याच गल्ल्या पालथ्या घातल्यावर ती एका भिंतीच्या आडोशाला सापडली.

"परत येऊन बस," काका म्हणाले. "मी बघतो काय ते."

"तुम्ही बघितलंत म्हणून तर इथं आले. आता आलाच आहात तर पाटीकडे बघा जरा. घोटभर पाणी पिऊन येते."

काका पाटीमागे बसले. जन्मभर गिऱ्हाईकच असल्यामुळे त्यांनी कोणी मागायच्या आत भाव पाडला. बघता बघता झुंबड उडाली, रस्ता अडला आणि अतिक्रमणवाल्यांची गाडी येऊन थडकली.

"पाटी कोणाची?"

'माझी नाही' अगदी ओठांवर आलं होतं. पण पाटी गेली की भाजीवाली गेली, आणि ती गेली की घरात पुन्हा तीच दोन वाक्यं. काकांनी पाटी घट्ट धरली.

"माझी."

मग पाटीबरोबर काकांनाही गाडीत घेतलं.

कचेरीतल्या साहेबांनी त्यांना लगेच ओळखलं. "काका, फुटपाथ चालण्यासाठी असतो, असं तुम्हीच लिहिलं होतंत."

"मला कुठं चालायचं होतं? झोपायचं होतं."

"आणि तिनं बसायचं कुठं, ते नाही लिहिलंत."

साहेबांनी स्वतःच पाटी उचलून काकांना परत दिली. "जा घरी. पुन्हा दिसू नका."

काका दाराशी आले. भाजीवालीनेच काकूंना बोलावून आणलं होतं. दोघी बाहेरच्या बाकावर टेकल्या होत्या. "अगं, यांना साधी जुडी बांधता येत नाही आणि दुकान मांडून बसले," काकू सांगत होत्या, आणि इतके दिवस कोंडलेलं हसू त्यांना आवरत नव्हतं.

काका तसेच मागे फिरले आणि साहेबांसमोरच्या खुर्चीत बसले.

"साहेब, मला अजून थोडा वेळ धरून ठेवता का?"