भाऊंचा सावकाश

आमची गल्ली संपते तिथे चौक लागतो. त्या चौकात डावीकडे वळलं की धुळ्याचं कोर्ट. माझे थोरले भाऊ त्या कोर्टात वकिली करत. पण कोर्टात जाताना ते चौकात डावीकडे कधीच वळत नसत. घोड्यावर बसलेले भाऊ चौक ओलांडून सरळ पुढे जात, मग उजवीकडे वळत, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळाला पुरता वळसा घालून चौकात परत येत. आता कोर्ट नाकासमोर असे.

"तीन उजवी वळणं म्हणजे एक डावं वळण," ते मला समजावत. "मुद्दा पोचण्याचा आहे."

भाऊ सुधारक मताचे. लग्नाच्या वेळी चढलेली देवळाची पायरी त्यांनी पुन्हा चढली नव्हती. गावाने मात्र आपल्यापुरता निकाल दिला: बायको गेली आणि वकीलसाहेब देवाला लागले. नाही तर देव उजव्या हाताला ठेवून कामाच्या घाईत रोज प्रदक्षिणा कोण घालतो? पुजारी गूळफुटाणे घेऊन वाटेत उभा राहू लागला. भाऊ नास्तिक असले तरी घोडा नव्हता. तो थांबून प्रसाद खाई आणि मगच पुढे जाई. आमच्या समोरचे दगाआबा ओट्यावर बसून सगळं बघत आणि मला हाक मारून सांगत, "अक्का, तुम्हना भाऊले देव पावना बरं! घोडाबी भलता भाविक शे!"

खरी गोष्ट अशी होती की घोड्याला डावीकडे वळता येत नव्हतं. तो पुण्याच्या शर्यतीतला घोडा. सारी उमर त्याला मैदानावर एकाच अंगाने पळवलेलं. डावी बाजू म्हणून जगात काही असते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

वहिनी गेली त्या वर्षी मार्गशीर्षात भाऊ एका पक्षकाराच्या कामासाठी सारंगखेड्याच्या यात्रेला गेले आणि घोडा घेऊन आले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आहे, एवढंच कारण त्यांनी मला दिलं. यात्रेत रेवाल चालीची, म्हणजे न उसळता झपझप चालणारी, नाचणारी, वराला मिरवणारी घोडी ढिगाने होती. त्या सगळ्यांत हा एकच मान खाली घालून मुकाट उभा होता. भाऊंना वाटलं, जनावर समंजस आहे. ते समंजस नव्हतं, दमलेलं होतं. सौदागराने त्याला पायी आणलं होतं. आठ दिवस आमच्या घरची चंदी पोटात गेली आणि त्याला आपला पूर्वीचा धंदा आठवला.

त्याचं शर्यतीतलं इंग्रजी नाव विजेवरून ठेवलेलं होतं. भाऊंनी ते रद्द करून 'सावकाश' असं ठेवलं. म्हणाले, "दिवसातून शंभरदा हाक मारली म्हणजे शंभरदा उपदेश होईल."

आता मला तो घोडा का आवडत नव्हता, ते सांगते.

मी लहानपणीच विधवा होऊन भाऊंच्या घरी परत आले. डोकं खाली घालून चुलीपाशी बसायची माझी तयारी होती. वहिनीने माझ्या हातात पाटी दिली. घरातल्या वडीलधाऱ्यांशी भांडून तिने मला पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं आणि मी मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. संध्याकाळी मी मोठ्याने पुस्तक वाचायची, वहिनी निवडण-टिपण करत ऐकायची आणि भाऊ झोपाळ्यावर बसून मध्येमध्ये हरकती घ्यायचे. वहिनी तापाने गेली, आणि त्या दिवसापासून भाऊंनी तिच्याबद्दल एक शब्द उच्चारला नाही. मी विषय काढला की ते उठून कंदिलाची वात सारखी करत. मला रडायचं नव्हतं. मला फक्त तिच्याबद्दल बोलायचं होतं, आणि तिला माझ्याइतकं ओळखणारं माणूस त्या घरात एकच होतं. मी ठरवलं होतं, आपण वाट बघू. कधीतरी बोलतील.

आणि मधे हा घोडा आला.

भाऊंना वेळ नव्हताच. सकाळी पक्षकार, दिवसभर कोर्ट, संध्याकाळी म्युनिसिपालिटीची शाळा कमिटी. जो काही घोटभर वेळ उरे तो माझ्या वाट्याचा होता. तो आता तबेल्यात जाऊ लागला. मी खोकले तर "काढा घे," म्हणून भाऊ कागदात डोकं घालत. सावकाश शिंकला तर गुरांच्या डॉक्टरला बोलावणं जाई. थंडी वाढली तेव्हा एके सकाळी पाहते, तर त्याच्या पाठीवर वहिनीच्या हातची गोधडी. मी ती मागितली तेव्हा भाऊ म्हणाले होते, "असू दे, पेटीत राहू दे."

संध्याकाळचं वाचनही गेलं. म्हणजे बंद झालं नाही. घोड्यांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक भाऊंनी मुंबईहून मागवलं आणि मी ते वाचून दाखवायचं. ज्याचा मला मत्सर, त्याच्याच खुरांची निगा मी रोज मोठ्याने वाचत होते. लगामाचं कोडंही त्या पुस्तकाने सुटलं. भाऊ थांबायला लगाम ओढत आणि घोडा जास्तच सुटे. शर्यतीत जॉकी लगाम ताठ धरतो आणि घोडा त्यावर भार टाकून पळतो. म्हणजे लगाम ओढणं हा सावकाशच्या लेखी पळायचाच हुकूम होता.

"म्हणजे थांबवायचं तर लगाम सोडायचा!" भाऊ झोपाळ्यावरून उठलेच. "मथू, काय सुंदर मुद्दा आहे!"

माझ्या कोणत्याही मुद्द्याला त्यांनी सुंदर म्हटल्याचं मला आठवत नाही.

मुद्दा सुंदर असला तरी अंमल अवघड होता. सावकाशला पुढे दुसरं घोडं दिसलेलं खपत नसे. टपालाचा टांगा आग्रा रोडने निघाला की हा त्याला गाठून मागे टाकल्याशिवाय राहत नसे. भाऊ साक्षीदार तपासायला निघत आणि गावाबाहेर लळिंगच्या वाटेला लागत. एकदा एका लग्नाची मिरवणूक चालली होती. वाजंत्री जोरात, वर घोडीवर. सावकाशने कान टवकारले, वऱ्हाड दोन्ही बाजूंना पांगलं, आणि मांडवाच्या दारात वराच्या आधी आमचे भाऊ हजर. वधूची आई आरतीचं ताट घेऊन उभीच होती. तिने घाईत भाऊंनाच ओवाळलं.

"वकीलभाऊ, दुसरं लगीन का?" दगाआबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"आबा, हजेरी लागली म्हणजे दावा मान्य केला असं होत नाही," भाऊ म्हणाले. मला हसू आलं. वहिनी असती तर पदराने डोळे पुसेपर्यंत हसली असती, असं मी म्हणणार होते. पण भाऊ तोवर तबेल्याकडे वळले होते.

सावकाश शेवटी शहाणा झाला तो कायद्यामुळे. एका सकाळी वेळ नव्हता म्हणून भाऊंनी घोड्यावरूनच दाव्याची कैफियत सांगायला सुरुवात केली. कारकून सखाराम पेन्सिल घेऊन बाजूने चालत होता. "येणेप्रमाणे प्रतिवादीचे म्हणणे असे की, सदर विहिरीच्या पूर्वेस…" त्या संथ, एकसुरी आवाजात काय जादू होती कोण जाणे, घोड्याची मान खाली आली आणि तो बैलासारखा पावलं टाकू लागला. भाऊ कलम आठवायला थांबले, की तो उधळे. पुन्हा "सबब" म्हणताच शांत. त्यामुळे त्या हंगामात भाऊंच्या कैफियती फार लांबल्या. मुन्सफांनी एकदा विचारलंही म्हणे, की वकीलसाहेब, मजकूर विहिरीचा आहे की साऱ्या तालुक्याचा?

पुढे सखारामने हात टेकले. "साहेब, मी लिहिणारा माणूस, पळणारा नव्हे." तेव्हापासून भाऊ एकटेच सावकाशला घेऊन पांझरा नदीच्या वाळूत जाऊ लागले आणि त्याच्याशी काहीबाही बोलू लागले. काय बोलतात, हे मला ठाऊक नव्हतं. कायदाच असणार, असं मी धरून चालले होते.

एके दिवशी साक्रीहून एक पक्षकार भल्या सकाळी आला. भाऊंना बोलवायला मी नदीवर गेले. काठाला बाभळी होत्या. त्यांच्या पलीकडून भाऊंचा आवाज येत होता, तोच संथ, कैफियतीचा.

"कालची आमटी पुन्हा खारट होती बाळा. मथूला सांगवत नाही. शाळेतून दमून येते ती. ही असती म्हणजे काही न बोलता माझ्या वाटीत लिंबू पिळून ठेवलं असतं हिने. आणि मथूला वाटलं असतं, मला लिंबू आवडतं. पाच वर्षं तिला तसंच वाटत होतं…"

घोडा मान हलवत चालला होता. ऐकत होता. भाऊ त्याला वहिनीबद्दल सांगत होते, रोज सांगत असले पाहिजेत, आणि मी घरी कंदिलाच्या उजेडात खुरांची निगा वाचत होते.

मी हाक न मारता परत आले. पक्षकाराला सांगितलं, साहेब सापडले नाहीत. त्या दिवशी मी आमटीत मीठ घातलंच नाही. भाऊंनी ती आमटी संपवली. मी लिंबू दिलं नाही.

माझा राग सांगण्यासारखा नव्हता. माणसाने माणसाचा हेवा केला तर चारजण समजूत घालतात. घोड्याचा हेवा करणाऱ्या मास्तरणीची समजूत कोण घालणार? मी शाळेत मुलींवर ओरडू लागले. तबेल्यावरून जाताना तोंड फिरवू लागले. सावकाश मात्र मला बघून मान पुढे करी. दुसऱ्याच्या वाट्याचं सगळं मिळालेल्या माणसाला जसं मोठ्या मनाने वागणं परवडतं, तसं त्याचं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक कापसाच्या जिनिंगचा खटला दिवसचे दिवस चालला आणि भाऊंचा घसा बसला. डॉक्टरांनी बजावलं, पुढची तारीख हवी असेल तर तोवर अवाक्षर काढायचं नाही. कोर्ट बंद, पक्षकार बंद. पण घोड्याला हे कसं सांगणार? दोन दिवस तबेल्यात उभा राहून त्याने लाथांनी फळ्या खिळखिळ्या केल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ खोगीर घालून माझ्यापुढे उभे राहिले. आधी घोड्याकडे बोट केलं, मग माझ्या तोंडाकडे.

"मी नाही बोलणार त्याच्याशी," मी म्हटलं.

भाऊंनी हात जोडले. वकील माणसाला हात जोडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

नदीच्या वाळूत भाऊ वर खोगिरावर, मुके, आणि मी घोड्याच्या मानेशी चालत. काय बोलावं सुचेना, म्हणून मी पाढे सुरू केले. बे एके बे. घोडा शहाण्या मुलीसारखा चालू लागला. पाढे संपले, तेव्हा खानदेशातल्या नद्या सांगितल्या. नद्या संपल्या. थांबले, तर सावकाशचे कान ताठ झाले. भाऊंनी वरून घाईघाईने खूण केली, बोल, बोल.

मग मी बोलले. घोड्याकडे बघून, वर न बघता.

"आमची वहिनी वाईकडची," मी म्हटलं. "खापरावरचे मांडे तिने आयुष्यात पाहिले नव्हते. लग्नानंतरचा पहिला सण आला. मला बाराव्या वर्षी मांडे येत होते, म्हणून मी शेजारी बसले. तिने मांडा हातावर मोठा केला, खापरावर टाकायला गेली आणि तो मधोमध फाटून चुलीत पडला. वहिनी रडली."

"रडली नाही."

आवाज वरून आला. पत्र्यावर वाळू ओढावी तसा.

"भाऊ, बोलू नका. डॉक्टरांनी…"

"रडली नाही ती. धूर गेला होता डोळ्यांत."

"मी शेजारी बसले होते, भाऊ. मी पाहिलं."

"तू शेजारी होतीस, म्हणूनच रडली नाही. तुला भ्यायची ती."

मी थांबले. घोडा थांबला नाही. मला चार पावलं पळत जावं लागलं. "मला? मी बारा वर्षांची पोर होते!"

"तुझे मांडे फाटत नसत," भाऊ म्हणाले.

भाऊ खाकरले. मला वाटलं, संपलं. पण ते पुन्हा बोलू लागले, तुटक, एकेक शब्द घशातून सोडवत. मी दुपारी शेजारणीकडे शिवणकाम शिकायला जात असे, तेव्हा वहिनी चूल पेटवून मांड्यांचा सराव करायची. भाऊ कोर्टाला सुट्टी असली की दारात राखण बसायचे आणि मी येताना दिसले की कडी वाजवायचे. फाटलेले मांडे कुणाला दिसायला नकोत, म्हणून ते सगळे त्यांनीच खायचे. "तिचा हात बसेपर्यंत माझं पोट बिघडलेलं," ते म्हणाले. "पण पुढच्या सणाला तुझ्यासमोर एकही फाटला नाही. तू म्हणालीस, वहिनी, बरे झालेत. रात्रभर झोपली नाही आनंदाने."

मला ते आठवत नव्हतं. मी असं म्हटलं होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे सगळं भाऊ माझ्याकडे बघून बोलले नाहीत. घोड्याच्या दोन कानांच्या मधून समोरच्या वाळूकडे बघत बोलत होते. आवाज इतका बारीक झाला होता की मानेशी चालताना मला अर्धे शब्द ऐकूच येत नव्हते, आणि सावकाशने एक कान मागे वळवून ठेवला होता. त्याला सगळं ऐकू जात असावं. मी पावलं आखडती घेतली आणि मागे रिकिबीपाशी आले, म्हणजे पुढचं जे काही असेल ते त्याच्या आधी मला ऐकू येईल.