बायजाचं नेट वजन

वजनाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! सव्वीस वर्षं झाली, मी औषधांच्या गोडाऊनमध्ये स्टॉक सांभाळतोय. भरलेला ड्रम काट्यावर ठेवायचा, त्यातून रिकाम्या ड्रमचं वजन, म्हणजे आमच्या भाषेत टेअर, वजा करायचं, की उरलं ते मालाचं नेट वजन. आजवर एका ग्रॅमचा घोटाळा नाही. तेव्हा आषाढात माझी बायको पूर्वी म्हणाली, "अहो, बायजा वाळत चाललीय, डॉक्टरला दाखवूया," तेव्हा मी हसलोच.

बायजा म्हणजे आमची मांजर. वय वर्षं सोळा. बाबा गेले त्याच वर्षी ती लालबागच्या आमच्या चाळीत आली आणि सरळ आईच्या खाटेवर चढून बसली. तेव्हापासून आईची खाट ही दोघींची जागा झाली. आई तिला सगळं सांगते. माझ्या तक्रारीसुद्धा तिलाच सांगते आणि ती ऐकून माझ्याकडे बघते.

"अंदाजपंचे बोलायचं नाही," मी पूर्वीला म्हणालो. "दर रविवारी वजन करू. आकडे बोलतील!"

वजनाचा काटा आणला. पण बायजा काट्यावर उभी राहीना. मग मी अनुभव वापरला. आधी मी एकटा चढलो, बहात्तर किलो. मग बायजाला घेऊन चढलो, शहात्तर. नेट वजन चार किलो! कॅलेंडरवर लिहून टाकलं.

"दर वेळी तुम्ही आधी एकटे चढणार ना?" पूर्वीने विचारलं.

"कशाला? रिकाम्या ड्रमचं वजन एकदाच करतात. ड्रम काय वाढतो का?"

ती कणीक मळायला निघून गेली. मला वाटलं, पटलं.

तेवढ्यात श्रावण लागला. आमच्या घरी श्रावण लागला की गणपती जाईपर्यंत मासळीचं नाव काढायचं नाही. यंदा आईने बायजालाही त्यात ओढलं.

"म्हातारी झाली ती," आई म्हणाली. "तिकाय पुण्य होया."

आता बायजाला पुण्य कितपत हवं होतं ते माहीत नाही, पण दूध-चपाती तिने हुंगली आणि पाठ फिरवली. मला कळवळा आला. खरंच आला! दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी दादरच्या एका खानावळीतून उकडलेला बांगडा बांधून घेतला, डब्यात लपवला आणि बायजाला काखेत मारून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे गेलो. तिने वास घेतला. डोळे मिटून चाटला. तोंड वाकडं केलं आणि बाजूला जाऊन बसली.

झाली का पंचाईत! आता बांगड्याचं करायचं काय? कचऱ्यात टाकावा तर आमच्या मजल्यावरचे रामदासभाऊ. हे गृहस्थ चाळीच्या मंडळाचे सेक्रेटरी, आणि त्यांचं नाक पोलिसी कुत्र्याला शिकवणी देईल असं. श्रावणात माझ्या, म्हणजे जयवंतच्या, कचऱ्यात काटे सापडले, ही बातमी आईच्या कानावर जायला पाच मिनिटं पुरली असती. मासा टाकताही येईना, परत घरीही नेता येईना. शेवटी मी तो खाल्ला.

पहिल्या दिवशी नाइलाज म्हणून खाल्ला. दुसऱ्या दिवशी अन्न वाया जाऊ नये म्हणून. तिसऱ्या दिवशी खानावळवाल्याला म्हटलं, "तिला उकडलेला आवडत नाही वाटतं. जरा मसाला लावून तळा." चौथ्या दिवशी मी दोन घेतले, आणि सोबत सोलकढी. बायजासाठीच हो!

एका संध्याकाळी जिन्यात रामदासभाऊ आडवे आले. नाक वर करून म्हणाले, "जयवंत, बांगडो?"

माझ्या काखेत बायजा होती. तिच्या मिश्यांना मी आग्रहाने फासलेला मसाला होता. भाऊंनी तिला हुंगलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "ही सटवी बाहेर खाऊन येतेय रे! शेवंतीकाकूंना सांगायला हवं!" शेवंतीकाकू म्हणजे माझी आई.

मी नाही म्हणालो नाही. एका मुक्या जनावरावर माझं बिल फाटलं आणि मी तिला कुरवाळत उभा राहिलो.

आई रागावेल असं वाटलं होतं. पण तिचा जीव भांड्यात पडला. "खाता मां? मगे बरी आसा," ती म्हणाली. गेले काही दिवस तीच काळजीत होती, हे मला तेव्हा कळलं. मग मीही कॅलेंडर दाखवलं. सलग पाच रविवार, चार किलो, चार किलो, चार किलो! बायजा चोरून खाते याचा साक्षीदार होता आणि वजन जागेवर आहे याचा पुरावा होता. डॉक्टरचं नाव कोणी काढलं नाही.

गणपतीला दहा दिवस उरले असताना बायजाने खाटेवर उडी मारली आणि ती पोचलीच नाही. धप्पकन खाली पडली. तिने इकडेतिकडे बघितलं, जणू खाट कोणी उंच केली. आईने तिला उचललं आणि तशीच उभी राहिली.

"जयवंता, हिचा वजन खंय गेला?"

"आई, चार किलो आहे. रविवारीच—"

"तुझो काटो काय सांगता ता सांगूं दे. माझ्या हाताक हाडां लागतत."

अर्ध्या तासात आम्ही दादरला डॉक्टरकडे. डॉक्टर इरावती माझ्या भाचीच्या वयाची. तिने बायजाला छोट्या काट्यावर ठेवलं. दोन किलो आठशे.

"तुमचा काटा बिघडलाय," मी म्हणालो.

"तुम्ही कसं वजन करत होता काका?"

मी मोठ्या रुबाबात ग्रॉस, टेअर, नेट समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि कोपऱ्यातल्या मोठ्या कुत्र्यांच्या काट्याकडे बोट दाखवलं. "चढा."

चढलो. त्र्याहत्तर किलो दोनशे.

आकडे खरोखरच बोलत होते. बायजा जेवढी उतरली होती, बरोब्बर तेवढा मी चढलो होतो. ड्रम वाढला होता!

"श्रावणात?" आईने एवढंच विचारलं.

मी सगळं सांगितलं. खानावळ, टाकी, मसाला, मिश्या. डॉक्टरने मान खाली घालून बायजाचं तोंड उघडलं. दोन दाढा सडल्या होत्या, हिरड्या सुजल्या होत्या. म्हणून ती चाटायची आणि सोडून द्यायची. तिला भूक होती, चावता येत नव्हतं. मी समोर बसून तिच्या वाटचं खात होतो, आणि ती ते बघत होती.

रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडंही थकलेली निघाली. "महिनाभर आधी आली असती तर बरं झालं असतं," डॉक्टर म्हणाली. "पण अजून वेळ गेलेली नाही. दाढा काढू. मऊ खाणं, औषधं, आणि तोंडाला चव यायला थोडा उकडलेला मासा. मीठ-मसाला अजिबात नको."

घरी येईपर्यंत आई टॅक्सीच्या खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, श्रावण मोडल्याचा राग असेल. दाढा काढून बायजा घरी आली, तेव्हा अजून श्रावण संपला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी आईने मला बाजारात पाठवलं, बांगडा आणायला लावला, स्वतः उकडला, काटे काढले आणि बोटांनी कुस्करला. आयुष्यात पहिल्यांदा तिने श्रावणात मासळीला हात लावला.

"मुक्या जिवाक खंयचो श्रावण?" ती बायजाला म्हणाली. "चुकलंय मी, बाये." तिचे डोळे भरले होते. माझेही.

बायजाने बोट चाटलं. थांबली. आम्ही तिघं श्वास रोखून बसलो. मग तिने एक घास घेतला, आणखी एक घेतला, आणि ताटली पुसून टाकली.

आईने पदराने डोळे पुसले आणि माझ्यापुढे वरणभात ठेवला.

"हिचो श्रावण सुटलो," ती म्हणाली. "तुझो फुडल्या श्रावणापर्यंत चलतलो."

गणपती गेले, दिवाळी गेली. बायजा तीन किलो शंभरवर आहे. वजन डॉक्टरच्या काट्यावर होतं आणि मला त्या काट्याजवळ उभंही राहू देत नाहीत. ती किती दिवस सोबत करेल ते कोणी सांगत नाही, आम्ही विचारतही नाही. ती जेवताना तिच्याकडे बघत बसायला मला मनापासून आवडतं. फक्त शुक्रवारी ताजा बांगडा असतो, तेव्हा मी जरा गॅलरीत जाऊन उभा राहतो.